दही का फुगत नाही?

इडलीचं पीठ आणि दह्याचं विरजण आमच्या ओट्यावर रात्रभर शेजारी शेजारी असतात. सकाळी बघावं तर पीठ झाकण उचलून पातेल्याबाहेर आलेलं, ओटा चिकट, आणि दही मात्र रात्री दूध होतं त्याच रेघेवर निवांत. आंबली दोन्ही. मग फुगलं एकच, असं का?

त्यासाठी पेशीतल्या एका हमालाला भेटावं लागतं.

पेशीला ग्लुकोज थेट खर्च करता येत नाही. पाचशेची नोट घेऊन रिक्षात बसल्यासारखं होतं ते. तिला सुटे लागतात, आणि ते सुटे म्हणजे एटीपी, पेशीला लगेच खर्चता येणारी ऊर्जा बाळगणारा छोटा रेणू. म्हणून सहा कार्बनांचा ग्लुकोजचा रेणू मोडून त्याचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे केले जातात. या तुकड्याचं नाव पायरुविक आम्ल. कमाई दोन एटीपी. पण या मोडतोडीत इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते उचलायला एनएडी नावाचा रेणू लागतो. हाच आपला हमाल. पेशीत हे हमाल मोजकेच. सगळ्यांच्या डोक्यावर पाट्या चढल्या आणि उतरवून घ्यायला कोणी नसलं, की पुढची खेप बंद. समोर ग्लुकोजचा ढीग असला तरी पेशी उपाशी.

आंबणं, शाळेच्या भाषेत किण्वन, म्हणजे ही पाटी उतरवायची सोय. त्या शेवटच्या पायरीत एटीपी अजिबात मिळत नाही, फक्त हमाल मोकळा होतो. शाळेत नेमकं हेच सांगायचं राहून जातं आणि मुलं नुसती समीकरणं पाठ करतात.

दह्यातले जिवाणू पाटी पायरुविक आम्लावरच रिकामी करतात. त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. तीन कार्बन होते, तीनच राहिले. वायू व्हायला काही उरतच नाही. म्हणून दही आंबट होतं, पण फुगत नाही. यीस्ट मात्र आधी एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सोडून देतं आणि उरलेल्या दोन कार्बनांवर पाटी उतरवतं. ते झालं अल्कोहोल. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पावाच्या पिठात माडाची सूर (माडी) घालायचे ती या यीस्टसाठीच. इडलीच्या पिठात मोठा कारभार ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूचा. तो डाळ-तांदळाबरोबरच घरात येतो, वेगळं विरजण लागत नाही. त्याची वाट निराळी: एका ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड असं तिन्ही, आणि पदरात एकच एटीपी. तोटा त्याचा, जाळीदार इडली आपली. (उडदाचा चिकटपणा नसता तर तो वायू उडूनच गेला असता.)

हे सगळं जिवंत पेशीशिवाय होऊच शकत नाही, असं लुई पाश्चर यांचं ठाम मत होतं. ते गेल्यावर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, एडुआर्ड बुखनर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळून काढला होता. रस टिकावा म्हणून, आपण मुरांब्यात घालतो तशी, भरपूर साखर घातली. टिकायचं सोडून तो फसफसायला लागला! जिवंत पेशी नव्हती, पण तिच्यातली विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं (एन्झाइम), रसात उतरली होती. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल बुखनर यांना मिळालं ते यासाठी.

ऑक्सिजन असेल तर हमालाची पाटी तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या वीजघरात (मायटोकॉन्ड्रिया), रिकामी होते. तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि त्या उतारावर मिळणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पडद्यापलीकडे उपसले जातात. धरण भरावं तसे ते तिथे साठतात, आणि परत येताना एका प्रथिनाचं चाक फिरवतात. ते चाक एटीपी घडवतं. सगळा हिशेब धरला तर एका ग्लुकोजमागे सुमारे ३० एटीपी. जुन्या पाठ्यपुस्तकांत ३८ असायचे. उताराच्या तळाशी उभा असतो ऑक्सिजन. नाकातून घेतलेला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं.

सिंहगडाची शेवटची चढण पळत गाठायची हौस केली, की तंतुकणिका पुरवतील त्याहून घाईने मांड्यांना एटीपी हवं असतं. मग स्नायूही दह्याची वाट धरतात. (इडलीची धरत नाहीत हे नशीब.) तयार झालेलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं; काही हृदयच जाळून टाकतं. तासाभरात बहुतेक सगळं निस्तरतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव नको करणारं दुखणं त्याच्या माथी मारू नये. ते गड उतरताना, ताणलेल्या अवस्थेत भार पेलताना, स्नायूंना झालेल्या बारीक इजांचं असतं.

आणि या स्नायूंना ऑक्सिजन पोचवणाऱ्या तांबड्या पेशी? त्यांच्यात तंतुकणिका नसतातच. जवळपास १२० दिवस त्या अंगभर ऑक्सिजन वाहतात, त्यातला कणही स्वतःच्या एटीपीसाठी वापरत नाहीत, आणि दह्यातल्या जिवाणूंसारख्याच ग्लुकोजमागे दोन एटीपीवर दिवस काढतात.