मोटर लावली की कॉम्प्युटर का जातो

नाशिकच्या सिडकोत माझे एक काका राहतात, रिटायर झाल्यापासून घरीच चार-पाच दुकानदारांचं टॅलीचं काम बघतात, आणि मे महिन्यात त्यांचा रोज फोन यायला लागला की अरे कॉम्प्युटर परत गेला रे, चालता चालता आपोआप बंद होतो नि लगेच चालू होतो, अर्धवट टाकलेली एंट्री जाते. तोपर्यंत दुकानात दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, एक नवीन रॅम टाकून झाली होती आणि आता मदरबोर्ड गेलाय असं सांगितलं होतं. मला ह्या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण आपोआप रीस्टार्ट होणं म्हणजे अंगात ताप येण्यासारखं आहे, ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, आणि तपासायच्या आधी गोळ्या सुरू केल्या की पैसे जातात नि ताप राहतो.

काकांना म्हटलं, तुम्ही काही उघडू नका, काही विकत आणू नका, फक्त एक वही ठेवा. किती वाजता गेला, तेव्हा कॉम्प्युटरवर काय चालू होतं, आणि घरात दुसरं काय चालू-बंद केलं. चार दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सहा नोंदींपुढे काकांच्या हिशोबी अक्षरात एकच शब्द होता, "मोटर". खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायची त्यांची एक एचपीची मोटर आहे, ती. उरलेल्या तीन मात्र दुपारच्या, मोटर बंद, मोठी एक्सेल फाइल उघडलेली. वही बघितल्यावर एवढं कळलं की दुखणी बहुतेक दोन आहेत.

रविवारी सकाळी गेलो. पहिलं काम, विंडोजवर संशय आहे तो खरा का खोटा ते बघणं, आणि त्याला एक सोपी युक्ती आहे जी कोणीही करू शकतं. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या, स्क्रीनवर जायचं आणि तिथेच थांबायचं. इथे विंडोज चालूच झालेली नसते, व्हायरस नाही, ड्रायव्हर नाही. काकूंनी मोटरचं बटण दाबलं, ट्यूबलाइट एकदा लुकलुकली, आणि बायोसमध्ये असलेला कॉम्प्युटर टक् करून रीस्टार्ट झाला. दोन फॉरमॅट फुकट गेले होते हे त्या सेकंदाला कळलं.

आता हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मोटर थांबलेली असते तेव्हा तिला फिरायला लावायला करंट खूप लागतो, नेहमी चालताना लागतो त्याच्या पाच-सहा पट, अगदी थोड्या वेळासाठी. तेवढा करंट घरातल्या वायरमधून ओढला गेला की बाकी घराला मिळणारा व्होल्टेज खाली बसतो, म्हणून ट्यूब लुकलुकते. कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूला पंखा असलेला तो डबा, २३० व्होल्ट एसी घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी देतो, आणि हे आकडे साधारण पाच टक्क्यांच्या आत राहावे लागतात, म्हणजे १२ चा ११.४ च्या खाली गेला तर चालत नाही. ट्यूब एकदा मिटली तर आपल्याला काही वाटत नाही, पण प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी वेळा मोजणी करतो, त्याला ते फार लांब होतं. म्हणून एसएमपीएसमधून मदरबोर्डला एक वेगळी वायर जाते, तिचं नाव पॉवर गुड. सगळे व्होल्टेज ठीक आहेत तोवर तिच्यावर सिग्नल असतो, तो गेला की मदरबोर्ड चुकीची गणितं करण्यापेक्षा सरळ रीसेट होतो, आणि लाइट परत नीट झाली की नव्याने चालू होतो. म्हणजे रीस्टार्ट ही खरं तर राखण आहे, बिघाड तिच्या अलीकडे आहे.

पण काका म्हणाले ते बरोबर होतं. "अरे मोटर तर सात वर्षं तीच आहे, मग आत्ताच का?" लाइट गेली तरी बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस त्यांच्याकडे होता, त्याची बॅटरी गेल्यावर तो त्यांनी वर्षभरापूर्वीच माळ्यावर टाकला होता, तरी वर्षभर काही झालं नाही.

उत्तर कपॅसिटरमध्ये आहे. एसएमपीएसमध्ये एक जाड, डबीसारखा कपॅसिटर असतो, तो साधारण ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज होऊन बसतो आणि लाइट क्षणभर गेली की स्वतःतला साठा देत राहतो, गच्चीवरच्या टाकीसारखं, नळ गेला तरी थोडा वेळ घरात पाणी येतं. आपली लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदाचा, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरसुद्धा १६-१७ मिलिसेकंद असा तग धरतो. आता ह्या कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ओला रसायनी द्रव असतो, तो वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. काकांचा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, मागे पश्चिमेची भिंत, आणि नाशिक थंड हवेचं म्हणतात पण मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला जातो. टाकी तीच, पण आत गाळ साचून पाणी मावेना, असं झालं होतं.

हे नुसतं बोलून उपयोग नाही म्हणून माझ्या घरचा एसएमपीएस सोबत नेला होता तो लावला. मोटर दहा वेळा चालू-बंद केली, काकू वैतागल्या, कॉम्प्युटर हलला नाही. जुना परत लावला, तिसऱ्यांदा मोटर लावली आणि गेला. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि जुनी परत लावून त्रास परत येतो का बघायचं, हे फार महत्त्वाचं आहे, लोक तीन गोष्टी एकदम बदलतात आणि मग कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. आणि एक सांगतो, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही तो मोठा कपॅसिटर चार्ज धरून असतो, जीवावर बेतू शकतं. मदरबोर्डवरचे छोटे कपॅसिटर मात्र प्लग काढून टॉर्चने जरूर बघा, त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी चीर असते, माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल तर तो गेलाय.

राहिल्या दुपारच्या तीन नोंदी. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडलं की कर्नल पॉवर ४१ अशी नोंद सापडते आणि लोक त्यालाच कारण समजतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. गंभीर चूक झाली की विंडोज निळी स्क्रीन दाखवते, पण आपोआप रीस्टार्ट व्हायची सेटिंग आधीपासून चालू असते म्हणून ती वाचायच्या आत निघून जाते. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ती टिक काढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी निळ्या स्क्रीनचा फोटो पाठवला, मेमरी मॅनेजमेंट.

तापण्याचा संशय मला आधी होता, हीट सिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धुळीची गादीच होती आणि ती ब्रशने काढलीही, पण प्रोसेसर खूप तापला की आधी वेग कमी करतो आणि अगदीच झालं तर बंद पडतो, निळ्या स्क्रीनवर मेमरीचं नाव येणं वेगळी दिशा दाखवतं. रॅमच्या दोन्ही स्टिक काढून सोनेरी टोकं शाळेच्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसली, क्लिप टक् वाजेपर्यंत बसवल्या, आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी लाल ओळी, म्हणजे रॅममध्ये चुका. मग एकेक स्टिक लावून, स्लॉट बदलून परत. चूक स्लॉटबरोबर राहिली असती तर मदरबोर्ड, पण ती स्टिकबरोबर गेली, आणि ती स्टिक होती दुरुस्ती म्हणून टाकलेली नवीन रॅम. वॉरंटी होती, बदलून मिळाली.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात हे काकूंनी जाता जाता सांगितलं. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे, एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडासा करंट कॅबिनेटवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. बोर्डाला तीन भोकं होती, पण मागे तिसरी वायरच नव्हती. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवलं, हे काम त्याचंच आहे. माळ्यावरच्या यूपीएसला १२ व्होल्टची नवीन बॅटरी टाकून तो परत खाली आणला.

वही काकांनी बंद केलेली नाही. गेल्या आठवड्यात बघितली तर शेवटची नोंद होती, "सकाळी ६.४०, मोटर लावली, काही नाही."