टेरियरचं पिल्लू घरी येतंय? मग चौदा आठवड्यांचं गणित बघून ठेवा

छोटा फ्लॅट आहे ना, मग छोटा कुत्रा घेऊ, असा विचार करत करत बरेच जण जॅक रसेल टेरियरपर्यंत येतात. मोठेपणी वजन पाच-सहा किलो, उंची साधारण फूटभर, आणि तोंड असं की बघितल्याबरोबर उचलून घ्यावंसं वाटतं. पण हा कुत्रा छोटा केला गेला तो कोल्ह्याच्या बिळात शिरावा म्हणून, फ्लॅटचा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी सोफ्याच्या उशीला कळते.

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये जॉन रसेल नावाचे एक पाद्री होते, शिकारीचं भयंकर वेड. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून पांढरी, डोक्यावर गडद ठिपके असलेली एक टेरियर कुत्री विकत घेतली. तिचं नाव ट्रंप (हो, हेच नाव, आत्ताच्या बातम्यांशी काही संबंध नाही). तिच्यापासून पुढे ही जात उभी राहिली. शिकार अशी चालायची की मोठे हाउंड, म्हणजे माग काढत धावणारे शिकारी कुत्रे, कोल्ह्याला पळवत न्यायचे, कोल्हा बिळात घुसला की हाउंडचं काम संपलं, मग टेरियर आत सोडायचा. तो आत जाऊन भुंकायचा, कोल्ह्याला बाहेर काढायचा नाहीतर तिथेच अडवून धरायचा, आणि वर उभी असलेली माणसं आवाजाचा अंदाज घेऊन जमीन खणायची. म्हणजे जो टेरियर आत गप्प बसला तो कुणाच्या कामाचाच नव्हता. पिढ्यान् पिढ्या भुंकणारे, खणणारे आणि माघार न घेणारे निवडले गेले, आणि आता लिफ्टची बेल वाजली की तेच पिल्लू घर डोक्यावर घेतं तेव्हा आपण म्हणतो याला काय झालं!

रेमंड कॉपिंजर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या शिकारीच्या पायऱ्या छान मांडल्या होत्या. शोधणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी अख्खी असते, कुत्र्यांच्या जातींमध्ये माणसाने तिचे वेगवेगळे तुकडे कमी-जास्त केलेत. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं आणि पाठलाग जोरात, पण चावा दाबलेला, नाहीतर मेंढ्याच उरल्या नसत्या. टेरियरमध्ये शेवटचे तुकडे शाबूत. पिल्लू चिंधीचं खेळणं तोंडात धरून डोकं इकडून तिकडे गरागरा झटकतं आणि सगळे हसत व्हिडिओ काढतात ना, तो उंदराचा मणका मोडायचा झटका आहे. खेळण्याने चूं केलं की त्याला अजून चेव येतो, आणि म्हणूनच चावल्यावर मुलांनी किंचाळत पळत सुटणं हा टेरियरच्या बाबतीत सगळ्यात वाईट उपाय, कारण त्याच्या दृष्टीने पोरगं पळतंय, ओरडतंय, म्हणजे खेळ एकदम बरोबर चाललाय. जागच्या जागी थांबायचं, हात बांधायचे, नजर फिरवायची, आणि तो शांत झाला की चावायला दुसरं काहीतरी द्यायचं. दुधाचे २८ दात सुईसारखे असतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून ४२ पक्के दात येतात, तोपर्यंत चावाचावी राहणारच.

आता लगेच "टेरियर म्हणजे असाच" असा शिक्काही मारू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा करून आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए वाचून एक मोठा अभ्यास आला, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो असं निघालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र टेरियर घराण्यात पाठलागाची ओढ जास्त दिसली. मला दोन्ही पटतात. कल जातीतून येतो, पण तुमच्या हातातलं पिल्लू नेमकं कसं निघेल ते जातीच्या नावावरून फार सांगता येत नाही, आणि उरलेल्यातला थोडा भाग तरी आपल्या हातात असतो.

तो हातात असतो पण थोडेच दिवस, आणि खरी गोम इथे आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं वाढवून अभ्यासली, त्यात वायर फॉक्स टेरियरही होते आणि त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले, भावंडं मिळून एकावर तुटून पडायची, शेवटी वेगळी काढावी लागायची. त्याच प्रयोगशाळेतून १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं कुंपण घातलेल्या मैदानात माणसांपासून लांब वाढवली, काही पिल्लांना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात फक्त एक आठवडा माणसांमध्ये आणलं. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांनी माणूस जवळून बघितलाच नाही ती पिल्लं नंतर कितीही लाड केले तरी बुजरीच राहिली. म्हणजे साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यात जे जे ओळखीचं होतं ते "आपलं", बाकी सगळ्याची भीती.

आता हिशोब करा. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे चौदातले आठ आईजवळ आणि ब्रीडरकडे गेले, तुमच्याकडे उरले सहा. आणि नेमक्या याच सहा आठवड्यांत लसी चालू असतात. आईच्या दुधातून आलेल्या अँटीबॉडी पिल्लाला वाचवतात पण लसीलाही निकामी करतात, त्या कुठल्या पिल्लात कधी संपतील सांगता येत नाही, म्हणून पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस तीन-चार आठवड्यांनी परत परत, सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. आजी म्हणते सगळी इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही, आणि पार्वो किती वाईट असतो ते बघितलं तर आजीचं चुकत नाही. पण सोळावा आठवडा संपेपर्यंत ओळखी करून घ्यायची ती मुदत संपलेली असते.

यावर अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट भूमिका घेतली आहे, पहिली लस झाल्यावर आठवडाभराने ओळखी सुरू करा, सगळ्या लसींची वाट बघत बसू नका. आपल्या रस्त्यांवर भटकी कुत्री आणि त्यांची घाण बघता मी म्हणेन ओळख करा पण पाय जमिनीला न लावता. कडेवर घ्या आणि न्या. रिक्षाचा आवाज, भाजीवाल्याची हाळी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, छत्री उघडणं. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, बादलीचा आवाज हे तर फुकट मिळतं. दिवाळी जवळ असेल तर फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ द्या, मग हळूहळू आवाज वाढवा. पिल्लू दबून बसलं, शेपूट आत घेतली की तिथेच थांबा, जबरदस्तीने दाखवलेलं उलट घाबरवतं. आणि दिवसातले अठरा-वीस तास त्याला झोपू द्या, अर्धी चिडचिड तर अपुऱ्या झोपेचीच असते.

शू-शीबद्दल एकच सांगतो. शू केलेली नंतर दाखवून ओरडलात तर तो चेहरा पाडतो आणि घरचे म्हणतात "बघ, कळतंय त्याला." २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे तपासलं, कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंधच निघाला नाही, मालक ओरडला की चेहरा पडतो, संपलं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच जागेवर न्या, तिथे केली की त्याच क्षणी खाऊ द्या.

राहता राहिल्या घुशी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गटाराच्या झाकणाजवळ टेरियर नाक खुपसणारच, त्यासाठीच तर तो बनलाय, आणि उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो. लसीच्या कार्डावर लेप्टो आहे का ते विचारा, तिचा असर साधारण वर्षभरच राहतो म्हणून दर वर्षी परत, शक्यतो पावसाळ्याआधी. आणि उंदीर मारायच्या औषधाने मेलेला उंदीर त्याने चघळला तर त्याच्या रक्ताची गुठळी होणं बंद पडू शकतं, लक्षणं दिसायला दोन-चार दिवस लागतात, तेव्हा "बरा दिसतोय" म्हणून थांबू नका, वॉचमनकडून त्या औषधाचं पाकीट मागून घ्या आणि सरळ डॉक्टरकडे जा.