बत्तीस बोअर, जुने रिव्हॉल्व्हर आणि जोरकस काडतूस

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मुंबईतल्या अनेक परवानाधारकांना आपले हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. गेल्या खेपेला ते सोडवून आणताना गिरगावातले आमचे एक काका वाटेत फोर्टातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे थांबले. रिव्हॉल्व्हर वडिलांकडून वारशाने आलेले, बत्तीस बोअरचे (म्हणजे नळीचे माप साधारण .३२ इंच), विलायती, नळी खाली मोडून भरायचे. काकांनी विचारले, "यात जरा जोरकस काडतूस चालेल का हो?" दुकानदाराने हत्यार उघडून ते रिकामे असल्याची खात्री केली, पुन्हा मिटवले आणि सिलिंडर दोन बोटांत धरून मागेपुढे ढकलला. टक, टक. मग नळी धरून हलवली. ती मिटवून धरणाऱ्या खिटीपाशीही तोच आवाज. "हे वाजतंय ना काका, हेच उत्तर."

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचे मूळ दारूत आहे, म्हणजे बंदुकीच्या दारूत. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचे बत्तीस लाँग काडतूस १८९६चे, तर अडतीस स्पेशल त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आले. काळी दारू मागे पडून बिनधुराची दारू येत होती, तो हा काळ. अडतीस स्पेशलची पुंगळी, म्हणजे दारू भरायची धातूची नळकांडी, काळ्या दारूच्या मापाने लांब काढलेली होती. नवी दारू थोडीशीच पुरते, त्यामुळे पुंगळीत बरीच जागा मोकळी राहिली. मोकळी जागा दिसली की तिथे आणखी थोडी दारू भरून पाहावी, असे कुणाला तरी वाटणारच.

१९३०मध्ये स्मिथ अँड वेसनने जड फ्रेमचे अडतीस काढले आणि त्याच्यासाठी जोरदार काडतूसही आले. मात्र काडतुसाची मापे तीच राहिली. म्हणजे जाड्या रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेले काडतूस खिशातल्या किडमिड्या रिव्हॉल्व्हरमध्येही बिनबोभाट बसायचे. १९३५मध्ये .३५७ मॅग्नम आणताना पुंगळी मुद्दाम इंचाचा आठवा हिस्सा वाढवली, ती जुन्या अडतीसच्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, पूर्ण जाऊच नये म्हणून. या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट, असे माझे मत आहे. खोक्यावरची सूचना कुणी वाचत नाही, पण सिलिंडर मिटलाच नाही तर माणूस थांबतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकी पोलिसांना अडतीसमधूनच जास्त जोर हवा झाला आणि ‘प्लस पी’ (+P), म्हणजे अधिक दाबाची काडतुसे आली. या वेळी लांबी वाढवली नाही, फक्त बुडावर खूण ठोकली. साध्या अडतीस स्पेशलची दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, प्लस पीची २०,०००. फरक सहाव्या हिश्शाहून थोडा जास्त. मॅग्नमचे ३५,००० आठवले तर हा काही प्रलय नव्हे. म्हणूनच "आमचे तर काही झाले नाही" म्हणणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. धडधाकट पोलादी रिव्हॉल्व्हर एका बाराने सहसा फुटत नाही. ते झिजते. सिलिंडर सैल होतो, त्याच्या आणि नळीच्या मधली फट वाढते, घर नळीसमोर नेमके येत नाही. १९५८पूर्वीच्या मध्यम फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांत प्लस पी वापरू नका, असे खुद्द स्मिथ अँड वेसननेच सांगितले आहे. अशी जुनी हत्यारे ओळखायची कशी? सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमच्या खाचेत मॉडेल क्रमांक दिसला नाही, तर ते जुने. मध्यम फ्रेमची ही कथा, मग त्याहून लहान आणि जुन्या फ्रेमवर प्रयोग कशाला?

एक गंमत मात्र आहे. सहा गोळ्यांच्या सिलिंडरवर त्याला जागेवर धरणारी खाच बहुधा नेमकी घरावरच येते, म्हणजे जिथे भिंत आधीच पातळ तिथेच. स्मिथ अँड वेसनच्या १९५०मध्ये आलेल्या पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरात ती दोन घरांच्या मध्ये पडते. त्यामुळे त्याचा सिलिंडर दिसतो त्याहून दणकट असतो आणि ताण फ्रेम सोसते. हलक्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला नळीखाली तडे जातात ते यामुळेच.

आपल्याकडे अडतीसचा प्रश्न फारसा येत नाही, कारण शस्त्र नियमांनुसार .३८० किंवा .४५५ची कडवाली (बुडाशी कड बाहेर आलेली) काडतुसे झाडू शकणारे रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हाती बत्तीस आले. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीसही वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्याच धर्तीवर नळी मोडून भरायचे. अशा हत्यारात सगळा जोर एका बिजागरीवर आणि एका खिटीवर येतो. त्यात ऐंशीच्या दशकात खासगी आयातीची दारे मिटली, त्यामुळे वाडवडिलांची विलायती, बेल्जियन, स्पॅनिश हत्यारे घराघरांत टिकून राहिली. स्वस्त नकलांमध्ये पोलाद कसले वापरले, हे त्या घडवणाऱ्यालाच ठाऊक.

बत्तीसमधली मॅग्नम आवृत्ती १९८४मध्ये आली. तिचीही पुंगळी लांब, त्यामुळे ती जुन्या घरात बसत नाही. आपल्याकडचा खरा घोळ वेगळाच आहे. ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने पिस्तुलासाठी काढलेले काडतूसही बत्तीसच, आपल्या सरकारी कारखान्याच्या ‘अशनी’ पिस्तुलात चालते ते. जाडी जवळपास तीच, कड किंचित बाहेर आलेली, लांबी कमी. पुष्कळ बत्तीस रिव्हॉल्व्हरांच्या घरात ते आरामात जाते. बत्तीस लाँगची मर्यादा १५,०००, पिस्तुलाच्या काडतुसाची २०,५००. म्हणजे वाढ एक तृतीयांशाहून अधिक, प्लस पीच्या दुप्पट. आणि बुडावर अधिकचे चिन्ह वगैरे काही नाही, बोलताना दोन्ही नुसती ‘बत्तीसची’.

दुकानदाराने काकांना जवळची काडतुसे काढायला लावली. जुन्या टिनच्या डबीत बारा होती. त्याने ती काचेवर बुडावर उभी केली. दहा एका उंचीची, ‘केएफ’ अक्षरांची, म्हणजे आपल्या खडकीची. दोन बुटकी निघाली, अरुंद कडेची. ती त्याने बोटाने बाजूला सारली.

"ही कुठून आली यात?" काकांनी विचारले.

"तुमच्या बाबांनी ठेवली असतील," दुकानदार म्हणाला. "बसत असणार ना या रिव्हॉल्व्हरमध्ये?"

"बसतात," काका म्हणाले.