शेगडीच्या जेटमध्ये सुई घालण्याआधी

आमच्या दांडिया बाजारच्या दुकानातून, गॅस शेगडीच्या ग्राहकांसाठी

"भांडी काळी पडतायत, बर्नर बदलून द्या." आमच्याकडे येणारे निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. बर्नर विकायला आमची ना नाही, पितळी बर्नरवर दोन पैसे सुटतात. पण शेगडी उघडली की बर्नर धडधाकट निघतो आणि दुखणं त्याच्या खाली, जेटमध्ये सापडतं. तेही बहुतेक वेळा घरच्या शिवणाच्या डब्यातल्या सुईने केलेलं.

शेगडी उलटी केलीत तर नॉबच्या मागे, बर्नरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, एक छोटा पितळी तुकडा दिसेल. तो जेट. त्याचं छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास असतं आणि शेगडीचं सगळं गणित त्या छिद्रावर चालतं. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि सुटताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर नळीत ओढून नेतो. वर पेटतं ते हे मिश्रण. शाळेतला बुन्सेन बर्नर आठवा. खालची खिडकी उघडी असली की ज्योत निळी, बंद केली की पिवळी आणि लवलवती. हवा कमी पडली की गॅसमधला कार्बन पूर्ण जळत नाही, त्याचे बारीक कण तापून पिवळे चमकतात आणि थंड भांडं लागलं की तिथेच बसतात. तुमच्या कुकरच्या बुडाची काजळी ती हीच.

आता सुईचं. जेट पितळेचा, सुई पोलादाची. कचरा निघतो, पण सुई फिरवताना छिद्राची कडही खरवडली जाते. छिद्र दहा टक्के रुंद झालं तर क्षेत्रफळ एकवीस टक्के वाढतं. गॅस तेवढा जास्त येतो, हवा मात्र त्या प्रमाणात ओढली जात नाही. ज्योत मोठी दिसते म्हणून घरात दोन दिवस आनंद, तिसऱ्या दिवशी भांडी काळी. मांजलपूरच्या एका वहिनींनी तर आमच्या कारागिराला अभिमानाने सांगितलं, "भावजींनी अगदी मोकळा करून दिलाय हो!" छिद्र लंबगोल झालं होतं. असा जेट आम्ही साफ करत नाही, बदलतो. "नुसतं फुंकर मारून द्या की" असा आग्रह होतो, पण रुंद झालेलं छिद्र फुंकरीने लहान होत नाही. जेट शेगडीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. त्यासाठी दोन खेपा घालण्यात तुमचाही वेळ जातो, आमचाही.

दुसरा प्रकार वडोदऱ्यात नेहमीचा, कारण इथे अर्ध्या घरांत लाइनचा गॅस आणि अर्ध्यांत सिलिंडर. घर बदललं की लोक शेगडी तशीच उचलून नेतात. लाइनचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये अडीच-तीन पट उष्णता असते, शिवाय लाइनचा दाबही कमी. म्हणून लाइनच्या शेगडीचा जेट मोठ्या छिद्राचा. तीच शेगडी सिलिंडरला जोडली तर भडका उडाल्यासारखी पिवळी ज्योत येते. एका घनफूट मिथेनला साधारण दहा घनफूट हवा पुरते, सिलिंडरच्या गॅसमधल्या प्रोपेनला चोवीस लागते. ती आणायची कुठून? उलट सिलिंडरची शेगडी लाइनवर नेली की ज्योत मिणमिणते आणि कुणीतरी पुन्हा सुई शोधतं. दोन्ही वेळा जेटचा संच बदलावा लागतो. तो आमच्याकडे तयार असतो. मीटरपासून शेगडीपर्यंतची पाइप मात्र गॅस कंपनीच्या माणसानेच जोडायची, आम्ही तिला हात लावत नाही. राग मानू नये.

पिवळी ज्योत फक्त भांड्यांचा प्रश्न नाही. अर्धवट जळण्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. खिडकी लावून स्वयंपाक करताना डोकं जड होत असेल तर आधी गॅस बंद करा, खिडकी उघडा, आणि मग फोन करा.

पण प्रत्येक पिवळा रंग बिघाड नव्हे. भात उतू गेला, मीठ सांडलं की त्यातल्या सोडियममुळे निळ्या ज्योतीत केशरी-पिवळ्या ठिणग्या येतात आणि थोड्या वेळाने जातात. ओळखायची खूण सोपी: स्वच्छ स्टीलची वाटी मिनिटभर धरा, चिमट्याने. काळी झाली नाही तर आम्हाला बोलावू नका.

"सिलिंडरमध्ये पाणी भरतात, पातेल्याच्या बुडाला थेंब येतात" ही तक्रारही कायमची. थेंब खरे, आरोप खोटा. गॅसमधला हायड्रोजन जळला की पाणीच होतं. १४.२ किलोचं सिलिंडर जळून संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. थंड पातेलं ठेवलं की त्यातलं थोडं बुडाला जमतं आणि पातेलं तापलं की उडून जातं.

घरी काय करायचं? बर्नरची वरची भोकं टाचणीने किंवा जुन्या टूथब्रशने खुशाल साफ करा, ती वेगळी. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळवा. ओला बर्नर बसवला की ज्योत तडतडते, अर्धी विझते, आणि आम्ही येईपर्यंत वाळून आपोआप बरी होते. त्या खेपेचे पैसे आम्ही घेतो. उन्हाळ्यात गावाला जाऊन आलात तर नळीत कोळ्याचं जाळं असू शकतं, तेवढ्यानेही हवा अडते. गळतीचा संशय आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी कधीच ओढू नका.

दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात आमच्याकडे उभं राहायला जागा नसते. सर्व्हिसिंग नवरात्रापूर्वी करून घेतलंत तर आम्हालाही नीट हात फिरवता येतो. फोन करण्याआधी स्वयंपाकघरातला दिवा घालवून ज्योतीचा फोटो काढून पाठवा, आणि गॅस लाइनचा की सिलिंडरचा ते लिहा. म्हणजे कारागीर बरोबर जेट खिशात घालूनच निघेल.