वाकल्यावर बोटं पायापर्यंत का पोचत नाहीत?

सहा महिन्यांपूर्वी जिममध्ये जायला लागलो तेव्हा रिकामा बार खांद्यावर घेऊन दहा बैठका काढल्या तरी धाप लागायची. आता त्याच बारला चाळीस किलोच्या प्लेटा असतात. चार मजले चढून आलो तरी बोलता येतं, झोपही चांगली लागते. एक गोष्ट मात्र तसूभर हलली नव्हती. गुडघे सरळ ठेवून खाली वाकलो की बोटं नडगीच्या मध्यावर थांबायची. मांडीच्या मागे अशी काही ओढ बसायची की पुढे एक इंचही जाववत नसे. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: ‘शिरा आखडल्यात, स्नायू आखूड झालाय.’

मीही तेच धरून चाललो होतो. पण एक साधी गोष्ट करून बघा. तसंच वाकलेलं राहून गुडघे किंचित दुमडा. बोटं झटक्यात खाली जातात. स्नायू तोच, माणूस तोच. मांडीच्या मागचा हा स्नायूंचा जुडगा, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आपण ज्या हाडांवर बसतो तिथून निघतो आणि गुडघा ओलांडून खाली नडगीच्या हाडांना जोडला जातो. वाटेत त्याला खुबा आणि गुडघा असे दोन सांधे लागतात. खुब्यात वाकलं की तो वरून ओढला जातो, गुडघा सरळ केला की खालून. दोन्ही एकदम केलं की त्याला मोकळीक उरतच नाही.

मग तो थांबवतो म्हणजे नेमकं काय होतं? प्रत्येक स्नायुतंतूत सार्कोमिअर नावाचे, मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश लांबीचे घटक एकापुढे एक गुंफलेले असतात. त्यांत टायटिन नावाचं प्रथिन स्प्रिंगचं काम करतं. माणसाच्या शरीरातलं हे सर्वांत मोठं प्रथिन. स्नायू ताणला की विरोध वाढत जातो, त्यात या स्प्रिंगचा वाटा असतो. पण आपण जिथे ‘बस’ म्हणतो, ती जागा या स्प्रिंगची शेवटची मर्यादा नसते.

डेन्मार्कमध्ये पीटर मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1996 साली प्रसिद्ध झाला. सात स्त्रियांनी वीस दिवस, दिवसातून दोनदा, फक्त एका पायाचा हॅमस्ट्रिंग ताणला. दुसरा पाय तसाच ठेवला. वीस दिवसांनी ताणलेला पाय जास्त पुढे जाऊ लागला, हे अपेक्षितच होतं. खरी गंमत पुढे आहे. पूर्वीच्याच कोनात पाय नेला तेव्हा स्नायूचा विरोध पूर्वीइतकाच भरला. म्हणजे स्नायू सैलही झाला नव्हता, लांबही नाही. जास्त ओढ सोसायची तयारी मात्र वाढली होती. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक पडतो, तो मुख्यतः मज्जासंस्थेने दिलेल्या मोकळिकीचा असतो.

हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. आपलं शरीर बिघडलेलं नाही, ते सावध आहे.

स्नायू खरोखर आखूड होतच नाही असं मात्र नाही. 1972 साली फ्रान्समध्ये मांजरांच्या पोटरीतला एक स्नायू आखडलेल्या अवस्थेत प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा त्यातले सार्कोमिअर 40 टक्क्यांनी घटले. प्लास्टर काढल्यावर चार आठवड्यांत संख्या पूर्ववत झाली. हाड मोडून पाय प्लास्टरमध्ये राहिलेल्यांना हा आखडलेपणा चांगला ठाऊक असतो. पण तिथे सांधा रात्रंदिवस जखडलेला असतो. ऑफिसच्या खुर्चीतून आपण निदान चहाला तरी उठतो.

आता माझ्या चाळीस किलोंचं कोडं. ताकद वाढली, मग लवचीकता का नाही? उत्तर त्या दोन सांध्यांत आहे. बैठक काढताना खुबा वाकतो तसा गुडघाही वाकतो. वरून जेवढं ओढलं जातं जवळपास तेवढं खालून सैल होतं. त्यामुळे सहा महिने बैठका काढूनही मांडीचा मागचा भाग पूर्ण लांबीवर कधी कामाला लागलाच नव्हता. वजन उचलल्याने अंग आखडतं हा समज आपल्याकडे पक्का आहे, पण सांध्याच्या पूर्ण आवाक्यात केलेला ताकदीचा व्यायाम स्ट्रेचिंगइतकीच लवचीकता वाढवतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. त्यासाठी तसा व्यायाम हवा. रोमानियन डेडलिफ्टमध्ये गुडघे जेमतेम दुमडून, पाठ सरळ ठेवून, कंबर मागे ढकलत बार मांड्यांवरून सावकाश खाली न्यायचा असतो. स्नायू ओझं पेलत पेलत लांबतो.

नुसतं ताणायचं असेल तर तासभर नको. 1994 च्या एका अमेरिकी अभ्यासात हॅमस्ट्रिंग आठवड्यातून पाच दिवस 30 सेकंद ताणणाऱ्यांना 60 सेकंदवाल्यांइतकाच फायदा झाला. 15 सेकंद मात्र कमी पडले. हिसके देऊ नयेत. झटक्याने ताणलेला स्नायू उलट आकसतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून तपासतात तीच ही प्रतिक्षिप्त क्रिया.

एक खूण जरूर तपासा. खुर्चीच्या कडेला पाठ थोडी वाकवून बसा, एक पाय सरळ करा आणि हनुवटी छातीकडे न्या, मग वर उचला. मानेसरशी गुडघ्यामागची ओढ कमी-जास्त झाली तर ती निव्वळ स्नायूची नाही, कारण हॅमस्ट्रिंग काही मानेला जोडलेला नसतो. मणक्यातून पायात उतरणारी सायाटिक नस तिथे ताणली जाते. अशा वेळी जोर लावू नये, आणि मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

उकिडवं बसताना टाचा उचलल्या जातात, त्याचं कारण बहुधा वेगळं असतं. टाचांखाली जाड फळी ठेवून आरामात बसता आलं तर अडचण घोट्यात आणि पोटरीत आहे. माझी आजी तासन् तास उकिडवी बसून भांडी घासायची, टाचा जमिनीला टेकवून. आम्ही कमोडवर वाढलो. घोट्याला तेवढं वाकायची पाळीच आली नाही.

सध्या डेडलिफ्टसाठी मी बारला फक्त दहा किलो लावतो. पहिल्या दिवशी बार गुडघ्याच्या वाटीवर थांबला होता. तीन आठवडे झाले, आता तो वाटीच्या चार बोटं खाली जातो, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या मागून छान भरून येतात.