फाइल आकारमर्यादा (बाह्य ड्राइव्हवरील बॅकअप)

बाह्य ड्राइव्हवर बॅकअप घेताना एक फाइल जास्तीत जास्त किती मोठी असू शकेल, हे ड्राइव्हच्या क्षमतेइतकेच तिच्यावरील फाइल सिस्टिमवरही (फाइली साठवण्याच्या आणि नोंदवण्याच्या पद्धतीवरही) अवलंबून असते. फाइल सिस्टिमने घातलेल्या या बंधनाला फाइल आकारमर्यादा म्हणतात. एक टेराबाइटची ड्राइव्ह जवळजवळ रिकामी असतानाही पाच जीबीची चित्रफीत तिच्यावर उतरत नाही, तेव्हा ड्राइव्ह बिघडली असा समज होतो. बहुतेक वेळा कारण असते ते फॅट३२ हे स्वरूपण (फॉरमॅट).

फॅट३२ ही मायक्रोसॉफ्टची फाइल सिस्टिम १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार नोंदवण्यासाठी ३२ बिट, म्हणजे चार बाइट, राखून ठेवलेले असतात. एवढ्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ असल्याने फाइल त्याहून एका बाइटनेही मोठी होऊ शकत नाही. हीच ती सुपरिचित ‘चार जीबी’ची मर्यादा. छायाचित्रे आणि पत्रे तिच्या आत सहज बसतात. अडतात त्या आभासी संगणकाच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) डिस्क-फाइली, संपूर्ण डिस्कच्या प्रतिमा आणि लांबलचक चित्रीकरणे. फाइल फार मोठी असल्याची सूचना आल्यावर घाईने ‘वगळा’ निवडले, तर बाकीची नक्कल सुरळीत पूर्ण होते आणि नेमकी सर्वांत मोठी फाइल बॅकअपमध्ये नसते, ही यातील खरी जोखीम होय.

एनटीएफएस (१९९३) आणि एक्सफॅट (२००६) या मायक्रोसॉफ्टच्या इतर फाइल सिस्टिमची मर्यादा घरगुती वापरात कधीच गाठली जात नाही; लिनक्सच्या एक्स्ट४मध्ये ४ केबीचे ब्लॉक (साठवणीचे लहान भाग) असताना ती १६ टेबिबाइट (सुमारे साडेसतरा टेराबाइट) असते. मॅकओएस एनटीएफएस ड्राइव्ह वाचते, पण तिच्यावर स्वतःहून लिहीत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी एक्सफॅट सोयीची ठरते. मात्र तिच्यात जर्नलिंग (होणाऱ्या बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नसल्याने लेखन चालू असताना केबल निघाल्यास नुकसानीचा धोका अधिक असतो. ड्राइव्ह एकाच संगणकाला जोडायची असेल, तर त्या प्रणालीची स्वतःची फाइल सिस्टिम निवडणेच योग्य. विंडोजमधील ‘कन्व्हर्ट’ आज्ञेने फॅट३२चे एनटीएफएसमध्ये रूपांतर माहिती न पुसता करता येते, तरीही आधी त्या माहितीची दुसरी प्रत असावी. स्वरूपण बदलणे शक्य नसेल, तर ‘स्प्लिट’सारख्या आज्ञेने फाइलचे तुकडे करून ते साठवता येतात, परत मिळवताना ते सर्व क्रमाने जोडावे लागतात.

मर्यादा फाइलींच्या नावांनाही असते, आणि देवनागरीत नावे देणाऱ्यांना ती लवकर जाणवते. एनटीएफएसमध्ये नाव २५५ यूटीएफ-१६ एककांचे (अक्षरे साठवण्याच्या या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक घेते) असू शकते, तर एक्स्ट४मध्ये २५५ बाइटचे. लिनक्सवर सहसा वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. परिणामी एक्स्ट४वर अशी जेमतेम ८५ चिन्हे मावतात, आणि विंडोजमध्ये चाललेले लांब मराठी नाव लिनक्सच्या ड्राइव्हवर नाकारले जाऊ शकते.