वर्गात कॉपीराइट असलेले साहित्य वापरायचे आहे: परवानगी कधी लागते, अर्ज कोणाकडे आणि कसा करायचा

विद्यापीठात शिकवताना दुसऱ्याचे लेखन, चित्र किंवा चित्रपट वापरायचा असेल, तर बहुतेक वेळा कोणताही अर्ज करावा लागत नाही. तरीही काही विभाग उगाच प्रकाशकांना पत्रे धाडत बसतात, आणि जिथे पत्र खरोखर लागते तिथे मात्र "शिक्षणासाठीच तर आहे" म्हणून कोणी विचारत नाही. म्हणून अर्जाआधी पात्रता पाहू.

अर्ज न करता काय चालते

आधार आहे कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२. कोणत्या गोष्टी उल्लंघन ठरत नाहीत, त्यांची यादी या कलमात आहे. तिच्या पहिल्या उपकलमातला 'आय' हा खंड आपल्या कामाचा. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत उतारा दिला किंवा उत्तरात तो लिहिला, तर कायद्याची हरकत नाही. पुस्तकातले प्रकरण, नकाशा, आलेख, छायाचित्र हे सगळे यात येते.

'अध्यापनाचा ओघ' कुठवर जातो, यावर दिल्लीत मोठी लढाई झाली. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान यांच्यावर दावा लावला. विभागांनी ठरवलेल्या वाचनयादीप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली पाने एकत्र करून दुकानदार त्यांचे वाचनसंच विकत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ ला अपिलात खंडपीठाने तत्त्व आणखी स्पष्ट केले: अध्यापन म्हणजे फक्त तासाला फळ्यासमोर घडते तेवढेच नव्हे, आणि किती पाने चालतील याचे ठरावीक माप नाही. कसोटी एकच, ती प्रत शिकवण्यासाठी गरजेची होती का. या वाचनसंचांतला मजकूर त्या कसोटीवर उतरतो का, एवढा मुद्दा खंडपीठाने पुन्हा खालच्या सुनावणीकडे पाठवला होता. पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

हा निकाल वाचून कोणी अख्खे पाठ्यपुस्तक स्कॅन करून वाटू लागले, तर ते धाडसाचे होईल. अख्ख्या पुस्तकाचा प्रश्न खंडपीठाने खुला ठेवला होता. माझ्या मते प्रत्येक वाचनसंचाच्या पहिल्या पानावर अभ्यासक्रमाचे नाव, घटक क्रमांक आणि त्या घटकासाठी ही पाने का लागतात, हे दोन ओळींत लिहून ठेवावे. उद्या कोणी विचारलेच, तर उत्तर तिथेच मिळेल.

ऑनलाइन वर्गाचा उल्लेख 'आय' खंडात नाही. पासवर्ड असलेल्या प्रणालीवर, त्या सत्रात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरते साहित्य ठेवले तर ते वर्गाच्या जवळ राहते. तीच पीडीएफ विभागाच्या खुल्या संकेतस्थळावर किंवा यूट्यूबवर टाकली, की ती वर्गाबाहेर गेली.

चित्रपट आणि ध्वनिमुद्रणासाठी 'जे' हा वेगळा खंड आहे. संस्थेच्या उपक्रमात ते दाखवता, ऐकवता येतात. पण प्रेक्षक म्हणजे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित मंडळी, एवढेच. गावातल्या सगळ्यांना बोलावलेला चित्रपट महोत्सव यात बसत नाही. शिवाय स्ट्रीमिंग खात्याचा स्वतःचा करार असतो. तो घरगुती वापरापुरताच असेल, तर कलम ५२ त्या कराराच्या अटी बदलत नाही.

अर्ज लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, मुदत. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क राहतो. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून खुल्या आहेत. मात्र नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना, टिपा किंवा भाषांतर यांचा हक्क स्वतंत्र असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचेही तसेच.

दुसरी, ग्रंथालयाची वर्गणी. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनाच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात असेल तर लेखाची प्रत वाटण्याऐवजी दुवा द्या. ग्रंथपालांना एकदा विचारले की निम्मी पत्रे लिहावीच लागत नाहीत.

तिसरी, क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना. कृतीवर तो असेल तर मूळ कर्त्याचे नाव द्या आणि अटी पाळा, परवानगी आधीच मिळालेली आहे. 'एनडी' असेल तर त्यात बदल करून ते वाटता येत नाही. 'एनसी' असेल तर व्यापारी वापर नाही.

परवानगी लागतेच असे प्रसंग

विद्यापीठ प्रकाशक झाले, की सवलत आटते. दूरशिक्षणाची छापील पुस्तके, अभ्यासमंडळाने संपादित केलेला कविता किंवा कथांचा संग्रह, विक्रीला ठेवलेली व्याख्यानमाला, प्रबंधाचे पुस्तक, सर्वांना खुला ऑनलाइन अभ्यासक्रम: या सगळ्यांना लेखी परवानगी घ्यावी. संग्रहांसाठी कलम ५२ मध्ये 'एच' खंड आहे खरा, पण तो फार अरुंद आहे. संग्रहातला मुख्य मजकूर कॉपीराइट नसलेला हवा, उतारे छोटे हवेत, आणि एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत छापायचे नाहीत. समकालीन कवितांचा संग्रह त्यात बसणार नाही.

अर्ज कोणाकडे, कोणाच्या सहीने

पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव नव्हे, आतले श्रेयपान पाहा. अनेक मराठी पुस्तकांत हक्क लेखकाच्या पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे छापलेले असतात आणि प्रकाशकाकडे फक्त त्या आवृत्तीचा हक्क असतो. तेव्हा प्रकाशकाने "हरकत नाही" म्हटले तरी पुरत नाही. लेखक हयात नसेल आणि वारस अनेक असतील, तर सगळ्यांची संमती घ्या. चित्र किंवा छायाचित्र असेल तर त्याचा हक्कधारक वेगळा असू शकतो.

अर्ज कुलसचिवांच्या सहीने जावा. प्राध्यापकाने स्वतःच्या नावाने घेतलेली परवानगी विद्यापीठाच्या प्रकाशनाला उपयोगी पडेलच असे नाही. अर्जात कृतीचे नाव, आवृत्ती, पान क्रमांक, अभ्यासक्रम, छापील की डिजिटल, प्रतींची किंवा विद्यार्थ्यांची संख्या, विक्री किंमत ठेवणार का, आणि श्रेयाची ओळ कशी छापणार हे लिहा. सोबत शीर्षकपान व श्रेयपानाची छायाप्रत, हव्या असलेल्या पानांची प्रत, अभ्यासक्रमाचा संबंधित भाग आणि अभ्यासमंडळाच्या ठरावाची प्रत जोडा.

परवानगीची मुदत आणि प्रदेश मात्र विसरू नका. कलम १९ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. कलम ३०अ मुळे हेच परवान्यांनाही लागू होते. अभ्यासक्रम पाच वर्षांहून जास्त चालणार असेल, किंवा ऑनलाइन साहित्य परदेशातूनही उघडणार असेल, तर तसे स्पष्ट मागून घ्या. फोनवरचे "वापरा की, त्यात काय" याला परवाना म्हणत नाहीत. कलम ३० ला तो लेखी लागतो. अर्जाला उत्तर आले नाही, तर तो नकारच समजा. उल्लंघनाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते.

हक्कधारक सापडतच नसेल तर

लेखक मृत आहे, अज्ञात आहे किंवा त्याचा ठावठिकाणा लागत नाही, अशा वेळी कलम ३१अ खाली सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीऐवजी न्यायालय देते त्या परवान्यासाठी, वाणिज्यिक न्यायालयात अर्ज करता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या एका इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव जाहीर करावा लागतो. भाषांतर करायचे असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही. शोध घेतल्याचे पुरावे, म्हणजे परत आलेली पत्रे आणि प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार, जपून ठेवा. स्वामित्वधन (रॉयल्टी) किती भरायचे हे न्यायालय ठरवते. एका कवितेसाठी एवढा व्याप करण्यापेक्षा दुसरी कविता निवडणे मला शहाणपणाचे वाटते. दुर्मीळ आत्मचरित्राची संपूर्ण नवी आवृत्ती काढायची असेल, तर मात्र हाच रस्ता आहे.